पांढरीचं बूच

सुताराच्या थोरल्या मुलीने ज्या वर्षी पहिलं पाऊल टाकलं, त्याच वर्षी मी पाण्यात उतरले. मित्रांनो, मी एक जुनी शिडाची होडी आहे. सुताराने मला घरामागच्या पडवीत स्वतःच्या हाताने बांधलं. फळ्यांच्या फटींत कापूस ठासला, वरून राळ भरली.

आमच्या तलावावर दरवर्षी होड्यांची शर्यत होते. एका होडीत एक मोठं माणूस आणि त्याच घरचं एक मूल, असा नियम. थोरली सात वर्षांची झाल्यापासून सुकाणू तिच्याकडे आणि शिडाची दोरी सुताराकडे. तीनदा आम्ही पहिले आलो. लोक माझ्या पाठीवर थाप मारत. तेव्हा मला वाटे, जगात होडी म्हणजे मीच.

मग तिच्या धाकट्या भावासाठी नवी होडी आली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, एकही फट नसलेली. मला शर्यतीआधी दोन दिवस पाण्यात भिजत ठेवावं लागे, फळ्या फुगून फटी मिटाव्यात म्हणून. तिला असलं काही लागत नव्हतं. सगळं घर तिच्याभोवती जमलं. खोटं कशाला सांगू, माझा नुसता जळफळाट झाला.

थोरलीही फुगून बसली होती. सुतार तिला म्हणाला, "दोन होड्या ठेवायला जागा नाही, बाळ. हिच्या फळ्यांचं छान फडताळ होईल."

"आणि जिंकले तर?"

"जिंकलीस तर ठेवू."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी सुताराने पांढरीला धुतलं. पाणी निघून जावं म्हणून तिच्या तळाचं बूच काढलं आणि माझ्या फळीवर ठेवलं. पांढरीला येऊन आठच दिवस झाले होते. जन्मभर लाकडी होड्या हाताळलेल्या माणसाला बुचाची सवय कुठली? तो विसरला. मी मात्र विसरले नाही. मला बोलता आलं असतं, तरी मी बोलले नसते.

सकाळी पांढरीत आई आणि धाकटा बसले.

"ताई, माझी पाठ नीट बघून ठेव. आज दिवसभर तीच दिसणार आहे!" धाकटा ओरडला.

"नाक पूस आधी," थोरली म्हणाली.

दुसऱ्या वळणावर आम्ही सर्वांच्या पुढे होतो. पांढरी मागे पडत चालली होती, जड होत होती. मला हर्षाच्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात थोरलीच्या पायाखाली बूच आलं. तिने ते उचललं, मागे पाहिलं. आई डब्याने पाणी उपसत होती आणि धाकटा रडत होता.

"बाबा, हे त्यांचं आहे."

सुताराचा चेहरा उतरला. "मीच काढलं होतं गं."

थोरलीने पुढच्या वळणाची खूण म्हणून तरंगणाऱ्या बोयाकडे पाहिलं. तो अगदी जवळ होता. मग तिने ओठ घट्ट मिटले आणि सुकाणू फिरवलं. मित्रांनो, त्या क्षणी मला तिचा राग आला. माझ्या जिवावर ही त्या पांढरीला वाचवायला निघाली होती!

आम्ही पांढरीला गाठलं, सुताराने बूच बसवलं आणि दोन्ही होड्या काठाला लागल्या; शर्यतीची ढाल त्या वर्षी गावातल्या औषधवाल्याच्या घरी गेली.

पुढच्या रविवारी सुतार करवत घेऊन आला. थोरली दारात उभी होती. त्याने माझ्या दोन कुजक्या फळ्या कापून काढल्या आणि त्या जागी नव्या बसवल्या.

"बाबा, आपण तर हरलो ना?"

"शर्यत पुरी कुठे केलीस? हरणार कशी?" तो म्हणाला. "फडताळ बाजारातून आणू."

तेव्हापासून आम्ही दोघी एकाच पडवीत आहोत. पांढरीचा हेवा मला आजही वाटतो. तो काही गेला नाही. माझी एवढीच विनवणी आहे, नवी वस्तू घरी आणाल तेव्हा जुनीला उन्हात टाकू नका. लाकूड वाळलं की फटी उघडतात, आणि मग कितीही भिजवलं तरी त्या मिटत नाहीत.

मला भिजवणारे हातही आता राहिले नाहीत; धाकट्याच्या लग्नाला महिना झाला, त्या आठवड्यात सुतार वारला. मंगळवार होता, सकाळचे दहा वाजले होते.