सासूबाईंचा चिखल

सकाळी सकाळी मी सासूबाईंच्या पुढ्यातलं चिखलाचं घमेलं ओढून घेतलं. नांदायला आल्यापासून असला आगाऊपणा कधी केला नव्हता, पण त्या दिवशी डोकंच फिरलं.

"आई, किती वेळा सांगायचं? ती भोकं माश्यांसाठी आहेत. बुजवायला नाहीत."

म्हातारी नुसती बघत राहिली. राग नाही, रुसवा नाही. चिखलाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसली.

गोठा पाडला तेव्हापासून ती अशीच. तिच्या गुडघ्यांनी दगा दिला, धारा काढणं होईना, म्हणून आमच्या ह्यांनी गाई विकल्या आणि मातीच्या भिंती पाडून तिथं सिमेंटची खोली उठवली. सासूबाई रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. बोलायच्याच थांबल्या. जेवा म्हटलं की जेवायच्या, उठा म्हटलं की उठायच्या. पुढं पुढं मलाही त्याचं काही वाटेनासं झालं. घरात एक पाट असतो, तशी एक म्हातारी.

भिंतींबरोबर माश्याही गेल्या, हे आम्हाला काकडीनं सांगितलं. काकडी माझी, बी मी टोचलं, पाणी मी घातलं. मांडवभर फुलं, पण फळ करंगळीएवढं झालं की पिवळं पडून गळायचं. बियाणेवाला बघून गेला. म्हणाला, "वहिनी, फुलावर माशीच नाही तर फळ धरणार कसं? मधमाश्यांच्याच जातीतल्या, पण पोळं न बांधता एकेकट्या राहणाऱ्या माश्या असतात. तुमच्या गोठ्याच्या भिंतीत होत्या. घर पाडलंत, आता घर द्या."

ह्यांनी लाकडाच्या ओंडक्याला पेन्सिलीएवढी, वीतभर खोल भोकं पाडली आणि तो ओसरीच्या खांबाला उन्हाकडं तोंड करून बांधला. शेजारची काकू म्हणाली, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. आता माश्यांना पण सांभाळा."

माश्या आल्या. काळसर, केसाळ, आपल्या कामापुरत्या. आणि सासूबाईही जागच्या हलल्या. जन्मभर भिंती लिंपलेली बाई. भोक दिसलं की विंचू शिरेल, हे तिच्या हातातच भिनलेलं. माती कालवून बसली भोकं बुजवत. मी तारेनं खरवडायची, ती पुन्हा बुजवायची. हे वैतागले. "आठवडाभर बघतो. फळ धरलं नाही तर वेल उपटून टाकतो."

म्हणून मी घमेलं ओढलं आणि माळ्यावर टाकलं.

भोकं मोकळी राहिली. मला बरं वाटायला हवं होतं. पण माश्या आत जायच्या, बाहेर यायच्या, घिरट्या घालायच्या. मग येईनाशा झाल्या. सासूबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. घासही मीच भरवायची. मला ना दया येत होती, ना राग.

आठवड्याच्या शेवटी ओसरी झाडताना एक माशी दिसली. सासूबाईंनी सांडलेला चिखल फरशीवर दगडासारखा वाळला होता, तो ती कुरतडत होती. जमेना तशी उडून गेली. उन्हाचे दिवस. विहिरीपासून दारापर्यंत ओलं म्हणून काही नव्हतं, वेलाचं आळंही मी पाचोळ्यानं झाकलेलं. मी ओंडक्याजवळ गेले. कोपऱ्यातली दोन-चार भोकं बंद होती. इवलीशी, गुळगुळीत बुचं, बोटाचा ठसा नाही. म्हणजे माश्याही बुजवत होत्या, आणि माती म्हातारीच्या घमेल्यातली होती. मी खरवडायची तेव्हा आतून पिवळी पूड पडायची. मी तिला लाकडाचा भुसा समजले होते. ते फुलांतले पराग होते, माश्यांनी पिल्लांसाठी साठवलेले.

घमेलं काढलं, माती कालवली, सासूबाईंना उठवून बसवलं. "घ्या आई. काय करायचं ते करा."

त्यांनी गोळा उचलला, हात ओंडक्याकडं नेला. एवढ्यात एक माशी त्या गोळ्यावरच येऊन बसली. हात हवेतच थांबला. माशीनं मोहरीएवढी माती उचलली, भोकात गेली, पुन्हा आली. मग दुसरी आली. सासूबाईंनी कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि हात तसाच धरून ठेवला.

हे विळा घेऊन दारातून आले. "चल, वेल काढून टाकू. आठवडा झाला."

मी तोंड उघडायच्या आत कुणीतरी बोललं. आवाज इतका बसलेला, की मला आधी ओळखूच आला नाही.

"राहू दे रे तो वेल," सासूबाई म्हणाल्या. नजर हातावरच. "माती सुकत चाललीय. पाणी आण."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग विळा खाली ठेवून तांब्या भरायला हेच गेले.