डोकं शाबूत ठेवायचं आहे

आमचे हे रोज सकाळी डाव्या हाताने दात घासतात. उजवा हात धडधाकट आहे, तरीही. डाव्या हाताने घासलं की मेंदूचा झोपलेला भाग जागा होतो म्हणे. मेंदूचं मला माहीत नाही. आरशावर पेस्टचे शिंतोडे उडतात आणि ते पुसायला मी आधीपासूनच जागी असते.

दात झाले की शंभरातून सात-सात वजा करत उलटं यायचं, मोठ्याने. मग शब्दकोडं. मग परात. या परातीने तर माझ्या नाकी नऊ आणलेत. मी तिच्यात वीस वस्तू मांडायच्या, ह्यांनी मिनिटभर बघायच्या, मी वर फडकं टाकायचं आणि ह्यांनी आठवून सांगायच्या. कात्री, दोऱ्याचं रीळ, झारा, माझा चष्मा, सगळं परातीत. ऐन स्वयंपाकाच्या वेळी मी झारा शोधत फिरते. त्यात अठराच आठवल्या की दिवसभर तोंड पाडून बसतात. काल एकोणीस होत्या, म्हणतात. मी तीस वर्षं इस्पितळाच्या धोबीखान्यात रोज शेकड्यांनी चादरी मोजून घेतल्या, मोजून दिल्या, पण एकीसाठीही असं सुतक धरलं नाही.

हे खूळ शिरलं वाचनालयातल्या एका व्याख्यानापासून. म्हातारपणी डोकं कसं शाबूत ठेवावं, असा विषय होता. डॉक्टर बाई फार छान बोलल्या आणि जाताना प्रत्येकाला दहा कलमांचं पत्रक दिलं. ह्यांनी ते कपाटाच्या दारावर चिकटवलं. रोज प्रत्येक कलमापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण होते. नववं कलम आहे, ‘माणसांत मिसळा, जुने संबंध जपा.’ त्याच्यापुढेही न चुकता खूण.

“आज कुणात मिसळलात?” मी एकदा विचारलं.

“औषधवाल्यात. त्याने विचारलं, कसे आहात. मी म्हटलं, बरा आहे.”

आता अशा माणसाशी काय बोलायचं? पालथ्या घड्यावर पाणी.

खरं कारण मला ठाऊक आहे. ह्यांना भीती वाटते. ह्यांचे थोरले भाऊ, आमचे दादा, तीन वर्षांपासून विसरत चाललेत. दोघा भावांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान होतं. अडतीस वर्षं दोघं एका बाकावर बसले. दादा वस्तू नुसती तळहातावर घेऊन वजन सांगायचे आणि दोन-चार ग्रॅमच्या पलीकडे चुकायचे नाहीत. तेच दादा एके दिवशी उघडलेला काटा पुढ्यात घेऊन बसून राहिले. जोडायचा कसा, ते आठवेना. ह्यांनी त्याच महिन्यात दुकान बंद केलं.

तरी गुरुवारी आम्ही दोघं दादांकडे जायचो. आठ महिन्यांपूर्वी दादांनी ह्यांच्याकडे पाहून हात जोडले आणि विचारलं, “आपण कोण? काही काम होतं का?” दादांनी ह्यांना जन्मात ‘आपण’ म्हटलं नव्हतं. अरे ठोंब्या, अरे गाढवा, असंच आयुष्य गेलं. हे घरी आले, जेवले नाहीत आणि पुढच्या गुरुवारी गुडघा दुखू लागला. त्यानंतर दर गुरुवारी काही ना काही दुखतंच. मी एकटी जाते. भाऊ विसरला म्हणून हे परातीत झारे मोजत बसतात आणि भावाकडे मात्र जात नाहीत. याला काय म्हणावं?

गेल्या गुरुवारी जाऊबाईंनी मला दारापर्यंत सोडताना सांगितलं, “जेवण फार घटलंय त्यांचं. डॉक्टर म्हणाले, महिना-दोन महिने. भाऊजींना सांग, यायचं तर आत्ता या. नंतर येऊन खांदाच द्यायचाय.”

मी घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं.

“जाऊ,” हे म्हणाले. “आडवा सातवा शब्द अडलाय, तेवढा होऊ दे.”

“अहो, तुमचा भाऊ चाललाय.”

“तो मला ओळखत नाही. मी जाऊन त्याला काय मिळणार?”

“मग हे डोकं कुणासाठी शाबूत ठेवताय? माझ्यासाठी नको. मला झाऱ्यासकट नवरा परत द्या, तेवढं पुरे.”

ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली, पण उठले नाहीत. आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो.

या गुरुवारी मी वेगळी चाल केली. पत्रकातलं चौथं कलम आहे, ‘रोज नव्या वाटेने फिरायला जा.’ म्हटलं, आज वाट मी दाखवते. छापखान्यामागून, शाळेच्या भिंतीकडेने, दोन वळणं उगाच घेत नेलं. हे वाटभर मोठ्याने सात-सात वजा करत होते. शाळेपाशी वजाबाकी थांबली. सख्ख्या भावाची गल्ली न ओळखण्याइतकं काही झालं नव्हतं ह्यांना. पण मागे फिरले नाहीत. जाऊबाईंनी दार उघडलं, तेव्हा माझ्या मागे उभे होते.

दादा पलंगावर उशीला टेकून बसले होते. निम्मे झालेत. समोर एक लाकडी खुर्ची होती. मी गेले की दादा मला हाताने पलंगाच्या कडेवर बसवायचे. मला वाटायचं, खुर्चीचा पाय मोडका असेल. हे खुर्चीवर बसले.

“तिथे नका बसू,” दादा म्हणाले.

हे अर्धवट उठले. “का?”

“माझा धाकटा यायचाय. गुरुवारी येतो तो.”

जाऊबाई पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, “आठ महिने हेच चाललंय. रोजच गुरुवार असतो. कुणाला टेकू देत नाहीत तिथे. तुम्हाला सांगून काय करू, म्हणून बोलले नाही.”

हे उभे राहिले. मला वाटलं, आता दाराबाहेर जातील आणि पुन्हा कधी यायचे नाहीत. पण हे पलंगाशी खाली जमिनीवर बसले, त्या दुखऱ्या गुडघ्यांसकट.

“कसा आहे तुमचा धाकटा?” ह्यांनी विचारलं.

“ठोंब्या आहे,” दादा म्हणाले. “स्क्रू पिळायला घेतला की पिळतच बसतो. आटे घालवतो.” मग स्वतःचा तळहात बघितला. “पण हात फार चांगला. त्याने मध्यावर आणलेला काटा हलत नाही. माझा हलतो. मी त्याला कधी सांगितलं नाही. शेफारला असता.”

ह्यांनी मान खाली घातली. अडतीस वर्षांत दादांनी ह्यांच्या कामाला बरं म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. ह्यांनीही नसावं. आठ महिन्यांचा राग मी कमरेला बांधून आणला होता, बोलायचं काय ते ठरवलंही होतं, पण त्यातला एक शब्द मला सापडेना. मी जाऊबाईंच्या मागे स्वयंपाकघरात गेले आणि तोंडाला पदर लावून उभी राहिले.

तासभर दादा धाकट्याच्या तक्रारी सांगत होते आणि हे ऐकत होते. मध्येच हे म्हणाले, “हो, तसाच आहे तो.” जाऊबाईंनी भाताची वाटी आणली, तर ह्यांनी ती घेतली आणि बोलता बोलता दादांना चमच्याने भरवली. निम्मी संपली.

निघताना दादांनी दाराकडे पाहिलं.

“आला नाही आज,” ते म्हणाले.

“उद्या येईल,” हे म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. मी स्वतः घेऊन येतो त्याला.”

“आणा,” दादा म्हणाले. “पण उशीर नका करू.”