बाहीतला हत्ती

बाळाचा डोळा लागला तशी आईने माहेराहून आणलेली जुन्या चित्रांची गुंडाळी तिने जमिनीवर पसरली. मुलांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना भिंत रंगवून हवी होती. "आधी केलेलं काहीतरी दाखवा, मग बोलू," त्या म्हणाल्या होत्या. संध्याकाळी जायचं होतं. बाळ झाल्यापासून कुणी तिला काम देऊ करायची ही पहिलीच वेळ. हातचं जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

वरच माहेरी आमंत्रण म्हणून गेलेली नणंदेची लग्नपत्रिका निघाली. तिच्यावर तिने काढलेला हंस सगळ्या पाहुण्यांना बदक वाटला होता. नवरा अजून त्यावरून छळायचा. तिच्याखाली बेकरीच्या खोक्याचा नमुना. मग मोठे कागद उलगडले. जिराफाचे पाय गायब. मांजराला शेपूट नाही. हत्ती तर अख्खा एका बाहीच्या आकारात जाऊन बसलेला, आणि पाठीमागे आईच्या अक्षरात लिहिलेलं, 'डावी'.

"आई! हे काय गं केलंस?"

"गिऱ्हाइकांचं कापड बेतायला घेतले," आई दारातूनच म्हणाली. "तुझा कागद जाड, कापडावर ठेवला की हलत नाही. लग्नाच्या वेळी तूच म्हणालीस ना, टाकून दे?"

"म्हणून कात्री चालवायची?"

"हळू बोल, उठेल तो. आणि तोंडाला कुठे कात्री लागलीये का? बघ तरी नीट."

तिने पाहिलं. खरंच की! गळ्याचा घेर जिराफाच्या कानाला वळसा घालून गेला होता. कॉलरचं टोक मांजराच्या मिशांपाशी येऊन थबकलं होतं. गिऱ्हाईक डोक्यावर बसलेलं असताना आई एकेक कागद फिरवून फिरवून बघत राहिली असणार. आणि आपल्या चित्रांकडे घरात कुणी ढुंकूनही बघत नाही, असं ती इतकी वर्षं धरून बसली होती. तिने मांजराच्या मिशांवरून बोट फिरवलं.

"आता दाखवू काय, कपाळ?" ती म्हणाली, राग मात्र कुठल्या कुठे गेला होता.

"आहे ते दाखव. मी येते सोबत."

संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हत्तीची बाही उलटसुलट करून पाहिली. "हे असं का कापलंय?"

"आई शिवणकाम करते. चित्रं माझी, तोंडं न कापता मापात बसवलीत तिने."

बाई हसल्या आणि भिंतीकडे वळल्या. मधोमध खिडकी, शेजारी विजेची बटणं, कोपऱ्यातून वर गेलेला पाइप. "दोघे पेंटर बघून गेले. म्हणाले, सरळ भिंत असेल तर सांगा. तुम्हाला जमेल?"

ती तोंड उघडणार तोच आईने बाळ तिच्या कडेवर दिलं, पर्समधून टेप काढली आणि खिडकीचं माप घ्यायला लागलीसुद्धा.

"जमेल," ती म्हणाली. "आम्हा दोघींना जमेल."

"पाइपाशी जिराफ उभा कर," आई टेप गुंडाळत म्हणाली. "आणि हत्ती खाली, जरा ऐसपैस. रडकी पोरं त्यालाच टेकून बसणार बघ."