पहाटेचा चारा

लातूर स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्यानंतर पावसाने लागोपाठ काही वर्षे पाठ फिरवली. औशाबाहेरच्या माळावर गुरांची छावणी पडली, आणि नांदेडला पशुधन पर्यवेक्षकाचे शिक्षण घेणाऱ्या मुलांची अखेरची परीक्षा तिथेच घेण्याचे ठरले.

देविदास त्यांपैकी एक. जखम धुणे, पट्टी बांधणे, नळीने औषध पाजणे यांत तो उत्तीर्ण झाला होता. दोराने बैल पाडायचा, खुराची जखम स्वच्छ करायची आणि बैलाला सुखरूप उभे करायचे, एवढेच उरले होते. ते साधले तर लोहा गावच्या गुरांच्या दवाखान्यात नेमणूक. न साधले तर आणखी एक वर्ष.

बैल त्याच्या आत्याचा, धुरपताबाईंचा होता. पाडायच्या जनावराचे पोट रिकामे हवे, म्हणून रात्रीपासून चारा बंद ठेव, असे त्याने आदल्या संध्याकाळी तिला दोनदा बजावले होते. सकाळी विचारले तेव्हा तिने मान डोलावली. बैलाच्या बरगड्यांमागचा डावा खळगा कित्येक महिन्यांनी भरलेला दिसत होता. छावणीत मुक्या जिवाने अंग धरले, या समाधानात देविदासने अधिक चौकशी केली नाही.

परीक्षक भगवानराव सकाळपासून दुसऱ्या छावण्या फिरून आले होते. त्यांचा आवाज बसला होता. त्यांनी हातानेच खूण केली. देविदासने दोराचे वेढे घातले, मागून ओढ दिली, आणि बैल जणू स्वतःच थकून बसावा तसा अलगद आडवा झाला. जखम निम्मी धुऊन झाली असेल, तोच डावी कूस ढोलासारखी फुगू लागली. बैलाचा श्वास अडखळला.

जखम पुरी करण्यास थोडाच वेळ हवा होता. देविदासने भगवानरावांकडे पाहिले, हातातला बोळा खाली टाकला आणि दोर सोडले. बैलाला छातीवर बसते केले, मग उभे केले. चघळून पोटातला वायू सुटावा म्हणून त्याच्या तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधून तो कूस चोळत राहिला. बऱ्याच वेळाने बैलाने ढेकर दिली.

भगवानराव जवळ आले. बैल वाचवलास हे खरे, ते म्हणाले, पण दोर टाकण्याआधी कुशीवर हात ठेवला असतास तर वाचवायची वेळच आली नसती.

“होय साहेब,” देविदास म्हणाला.

धुरपताबाई पुढे झाल्या. “त्येचा दोष न्हाई, साहेब. पहाटं म्याच उसाचं वाढं चारलं. पोराच्या परीक्षेला बैल उपाशी कसा धाडू?”

“बाई, जनावर सांगत नाही आणि मालक खरं सांगत नाही. म्हणूनच हात ठेवायचा असतो,” भगवानराव थकल्या स्वरात म्हणाले. मग त्यांनी पुढच्या मुलाला बोलावले.

दुपार कलली. देविदास दोर गुंडाळत बसला होता. आत्याने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि पुढच्या वर्षी बैल लागणारच का, असे विचारले. तो हो म्हणाला.

“मग ह्योच घे की.”

“उपाशी ठेवशील?”

धुरपताबाईंनी बैलाकडे पाहिले. त्याची कूस आता बरीच उतरली होती.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

“तर मग दुसऱ्या कुणाचा बघतो,” देविदास म्हणाला, आणि अर्धवट राहिलेली खुराची जखम धुण्यासाठी उठला.