हरलेला नो-हिटर

नेब्रास्कातल्या त्या छोट्या बेसबॉल लीगमध्ये मर्विन होलकॉमचं नाव एकाच गोष्टीसाठी निघायचं. ऐन तारुण्यात त्याने चेंडू टाकताना अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठायची संधी, दिली नव्हती, आणि तरी त्याचा संघ ०-१ असा हरला होता. असा नो-हिटर टाकून हरलेला लीगमधला तो एकमेव पिचर. लोक हसायचे, पण विचारायचे तरी! आता पोट सुटलं होतं, केस गेले होते, आणि काम काय, तर तिसऱ्या बेसपाशी उभं राहून धावणाऱ्यांना पळ किंवा थांब म्हणून हात करायचा. मिरवायला एवढीच एक चीज उरली होती.

आणि नेमकी तीच आज त्याच्याच संघाचा तरुण पिचर टेट लिंडक्विस्ट लाटायला निघाला होता. आठवी इनिंग टाकून तो आत आला, तेव्हा त्याने एकही हिट दिली नव्हती. सोबत्यांच्या हातून चेंडू निसटले म्हणून एक धाव गेली होती. फळ्यावर ०-१.

डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांवर, सगळे चिडीचूप. असं चाललेलं असताना पिचरशी कुणी बोलत नाही, शेजारी बसत नाही, आणि तो शब्द तर उच्चारतच नाही. उच्चारला की नशीब फिरतं. मर्विनला हे लहानपणापासून ठाऊक होतं. तरी बेसकडे जाता जाता तो सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत टेटला खेटून बसला.

"काय रे, एकही हिट नाही म्हणे अजून! नो-हिटर की काय?"

कॅचर गस ताडकन उठला. "ओ कोच! डोकं फिरलंय का तुमचं? तोंडाला कुलूप लावा!"

टेट मात्र हसला. "असू दे रे. मघापासून कुणी बोलत नाही, जीव गुदमरला होता माझा. बरं झालं बोललात, कोच."

मर्विनच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात नवव्या, शेवटच्या इनिंगमध्येही टेटने हिट दिली नाही. फक्त त्याचा हात पार गळून गेला होता.

मग त्यांच्या संघाची शेवटची बॅटिंग. एक जण तिसऱ्या बेसवर, गस दुसऱ्यावर, आणि चेंडू उजवीकडे सणसणीत बसला. तिसऱ्यावरचा आरामात होम प्लेटवर पोचला, धाव झाली. १-१. मागून गस धापा टाकत तिसऱ्या बेसकडे येत होता आणि चेंडू तर केव्हाच फील्डरच्या हातात होता. गसला थांबवलं असतं तर मर्विनला कुणी नावं ठेवली नसती. बरोबरी, आणखी एक इनिंग, टेटचा गळालेला हात, मग हिट बसणारच. ना जिंकलेला नो-हिटर, ना हरलेला. मर्विनला हेच हवं होतं, अगदी मनापासून.

पण त्याचा हात गरागरा फिरायला लागला. "पळ गस! पळ रेड्या, पळ!"

धुरळा उडाला. गस सेफ! २-१, सामना जिंकला!

सगळे टेटच्या अंगावर तुटून पडले. त्यातून सुटून तो मर्विनकडे आला.

"कोच, गसला कसं काय सोडलंत? मी तर थांबवला असता."

"माझ्या सामन्यात आमच्या कोचने असाच एकाला तिसऱ्यावर थांबवला होता," मर्विन म्हणाला. "तो मग तिथेच राहिला."

इतक्या वर्षांत हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लोकांना हसवायच्या त्या गोष्टीत हे बसत नव्हतं. टेटने म्हाताऱ्याला घट्ट मिठी मारली. मर्विन त्याच्यावर अजूनही जळतच होता. या पोराला तिसऱ्या बेसपाशी मर्विन होलकॉम मिळाला होता, आणि मर्विन होलकॉमला कुणीच मिळालं नव्हतं.