निवाऱ्याची चावी

आमच्या कॉलनीने भटक्या कुत्र्यांसाठी श्वान निवारा बांधला, त्यात काय नव्हतं? प्लायवूडच्या भिंती, वर पत्रा, आत कापसाची गादी आणि दर्शनी बाजूला देणगीदारांची नावं. त्यांत अध्यक्ष गजेंद्रचं सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. नव्हतं ते फक्त कुत्रं, कारण उद्घाटन व्हायचं होतं.

अमरावतीत यंदा थंडीने कहर केला होता. प्रमुख पाहुणे मात्र आणखी थंडी खायला चिखलदऱ्याला गेले होते आणि रविवारशिवाय परतणार नव्हते. तोवर दाराला लाल फीत, फितीमागे कुलूप आणि चावी सचिवाच्या, म्हणजे माझ्या खिशात. मी निवृत्त मुख्याध्यापक. उभ्या जन्मात घंटेआधी कुणाला वर्गाबाहेर सोडलं नाही.

मंगळवारी काळी नावाची कुत्री निवाऱ्यासमोरच्या रेतीच्या ढिगावर व्याली. चार पिल्लं झाली. माझ्या बायकोने, कौशल्येने, चावी मागितली. मी तिला समजावलं की कुत्री आधीच आत गेली तर पाहुण्यांनी उद्घाटन कशाचं करायचं? तरी गजेंद्रला फोन केला. पिल्लांनी रविवारपर्यंत सहकार्य करावं, असं त्याचं मत पडलं. अहवालात मात्र 'चार नवे लाभार्थी' लिहून टाका म्हणाला. मी लिहिलं.

"थंडीनं तुमची पत्रिका वाचली नाई वाटते," कौशल्या म्हणाली आणि दोन पोती घेऊन रेतीकडे गेली.

गुरुवारी सकाळी दूध आणायला निघालो तर एक पिल्लू लाकडासारखं ताठ पडलेलं. काळी त्याला चाटतच होती. लिहायला लाज वाटते, पण तेव्हाही मी कुलूप उघडलं नाही. तीनच दिवस तर राहिलेत, असं मनात आलं.

कौशल्या भांडली नाही. तिने माझं कपाट उघडलं. त्यात माझ्या सत्काराच्या सतरा शाली होत्या, सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत. एकीनेही आजवर कुणाची थंडी घालवली नव्हती. तिने सतराच्या सतरा आमच्या पोर्चमध्ये अंथरल्या आणि काळीला तिन्ही पिल्लांसकट उचलून आणलं. सेवानिवृत्तीची जरीकाठी शाल सगळ्यांत खाली गेली. 

रविवारी पाहुण्यांनी स्वेटर, मफलर आणि कानटोपी घालून भूतदयेवर अर्धा तास भाषण केलं. फीत कापली, मी कुलूप उघडलं, टाळ्या झाल्या. मग फोटोवाल्याने विचारलं, कुत्रं कुठे आहे? गजेंद्र सगळी वरात घेऊन आमच्या फाटकाशी आला. पाहुण्यांनी पोर्चमध्ये वाकून पिल्लं मोजली.

"अहवालात तं चार होते. हे तीनच काहून?"

गजेंद्र माझ्याकडे पाहू लागला, मी फाटकाकडे. उत्तर कौशल्येने दिलं.

"चौथं उद्घाटनाची वाट पाहून राहिलं होतं, भाऊ. पाहता पाहता गेलं."

पाहुण्यांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली. लगेच कार्यक्रमपत्रिकेतला पुढचा विषय घेण्यात आला. उत्तम नियोजनाबद्दल सचिवांचा सत्कार. शाल आणि नारळ. फाटकातच.

पाहुण्यांची गाडी वळताच गजेंद्र माझ्या कानाशी आला. निवाऱ्याला पुन्हा कुलूप लावा म्हणाला, नाहीतर कुत्रे आत शिरून घाण करतील आणि नावं खराब होतील.

"चाबी हरवली," मी म्हणालो. चावी खिशातच होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतकं सरळ खोटं कधी बोललो नव्हतो.

घरी येऊन अठराव्या शालीची पिशवी फाडली आणि पिल्लांवर घालायला वाकलो. काळी दात विचकून गुरगुरली. कौशल्येने शाल माझ्या हातातून घेतली आणि तीच पुढे झाली. तिच्यावर काळी गुरगुरली नाही.