चिखलात रोवलेला फावडा

मित्रांनो, मी एक जुना फावडा आहे. माझ्या दांड्यावर लाखेचा तांबडा डाग आहे, तो पोलिसांच्या मोहोरेचा. पात्याच्या पाठीवर आणखी एक डाग होता. तो आता घासून गेला आहे, पण त्याच्याविषयी बोलल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही. गोष्ट गोड नाही. तरी ऐका, कारण तुमच्यापैकी कुणीतरी उद्या मला किंवा माझ्या एखाद्या भावंडाला हातात धरणार आहे.

माझा जन्म मारातून झाला. घाटात उलटलेल्या एका ट्रकच्या स्प्रिंगची तुटकी कमान हातखंब्याच्या नाक्याजवळच्या लोहाराने भंगारातून उचलली. त्याने ती निखाऱ्यात लाल होईपर्यंत तापवली, ऐरणीवर धरली, आणि त्याची बायको वरून घण घालू लागली. प्रत्येक घावाला माझ्या अंगातून ठिणग्या उडत. मी वाकलो, पसरलो, चपटा झालो. मग तसाच लालबुंद पाण्यात बुडवला गेलो. मी किंचाळलो. लोक त्या आवाजाला नुसतं चरचरणं म्हणतात.

मला विकत घेतलं दत्तात्रेयने. मालगुंडहून खाडीच्या अंगाला उतरलं की त्याची वाडी लागते. त्याने मला ऐनाच्या लाकडाचा दांडा बसवला आणि खारात नेलं. खार म्हणजे खाडीला बांध घालून तिच्याकडून हिसकावून घेतलेली जमीन. बाहेर मोठा बंधारा, त्याला एक उघाडी. ओहोटी लागली की उघाडीची फळी उघडायची आणि शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. भरती आली की ती घट्ट बंद करायची. खाडी ही जमीन कधी विसरत नाही. दिवसातून दोनदा ती बंधाऱ्याला धडका मारते.

दत्तात्रेयच्या शेताला लागून त्याच्या चुलतभावाचं, बाळाचं शेत होतं. दोन्ही शेतांच्या मधून एकच बांध उघाडीपर्यंत जात होता. त्या बांधावर त्यांच्या वाडवडिलांपासून एक रीत होती. भांडण असो की सल्ला, बांधावर बोलायचं असेल तर हातातलं अवजार आधी चिखलात रोवायचं आणि मग तोंड उघडायचं. आणि ज्याने रोवलं त्यानेच ते उपटायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मी कितीतरी वेळा असा रोवलेला उभा राहून दोघा भावांची बोलणी ऐकली आहेत. कधी पाण्याची, कधी गुरांची, एकदा तर केवळ कुणाच्या आईची आमटी चांगली यावरची.

मग ते वादळ आलं. भर दुपारी काळोख झाला. नारळाची झाडं कमरेत मोडून पडत होती आणि उधाणाच्या भरतीने बंधाऱ्याला खांड पाडली. खाडी त्या भगदाडातून बैलासारखी आत घुसली. दत्तात्रेय मला घेऊन धावला. बाळा त्याच्या आधी पोचला होता. तो छातीभर पाण्यात, भगदाडात आडवा उभा होता. पाणी त्याला फेकत होतं, तो पुन्हा उभा राहत होता.

"टाक, दादा, टाक," तो ओरडत होता. "माज्या अंगावर टाक."

दत्तात्रेयने मला चिखलात हाणलं आणि ढेकळांवर ढेकळं त्याच्या भोवती फेकली. बाळाचा खांदा सोलून निघाला. शेवटी दोघांच्या मध्ये बंधाऱ्याचा मोठा तुकडा कोसळला तेव्हा दत्तात्रेयने मला पुढे केलं, बाळाने माझं पातं दोन्ही हातांनी धरलं, आणि त्या धारेवर हात कापून घेत तो वर आला. माणसाचं रक्त मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ते वाचलेल्या माणसाचं रक्त होतं.

बंधारा पुढे सरकारी माणसांनी दुरुस्त केला. माती मात्र कुणी दुरुस्त केली नाही. खारं पाणी शेतात साचून राहिलं होतं. ते ओसरल्यावर जमीन ओली असताना साबणासारखी बुळबुळीत आणि वाळली की फरशीसारखी टणक. मी तिच्यावर आदळायचो आणि मागे उडायचो. पावसाचं पाणी वर थांबून राहायचं, आत उतरायचं नाही. पेरलेलं भात आतल्या आत गुदमरून मरायचं.

बाळाने आपल्या शेतात चुना टाकला. आमच्या कोकणातली तांबडी माती आंबट; तिला चुना लागू पडतो, हे इथलं पोरसोरही सांगेल. पण खाडीने मारलेल्या मातीत तो चुना विरघळेना. पिठासारखा नुसता पडून राहिला.

दत्तात्रेयची मुलगी सानिका रत्नागिरीला नोकरी करायची. ती शेतातली माती पिशवीत भरून एस.टी.ने दापोलीच्या कृषी विद्यापीठात घेऊन गेली. येताना निरोप घेऊन आली, की या मातीला जिप्सम घाला. दत्तात्रेयला जिप्समच्या गोणी तिनेच आणून दिल्या.

ते पांढरे दगड लांबून, वाळवंटाकडून आले होते. तिथे त्यांना सुरुंग लावून उडवतात आणि मग दळतात. पडवीतल्या ओलीने गोणीतली पूड पुन्हा दगड झाली होती. दत्तात्रेयने मला उलटं धरलं आणि माझ्या पाठीने ते दगड फोडले. दिवसभर फोडत होता. पांढरी धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती. मारखाऊ लोकांची एकमेकांना ओळख पटते. मला ते दगड आपले वाटले.

नंतर त्याने ती पूड शेतभर पसरली, वरच्या थरात कालवली, बांध चारी बाजूंनी बंद केला आणि आषाढाचं पाणी तुंबवून धरलं. बाळा बांधावर आला. दत्तात्रेयने मला रोवलं.

"हे नेमकं करतं काय, दादा?"

"मिठातला सोडियम मातीच्या कणाकणाला चिकटून बसलाय. जिप्सम विरघळलं की ते त्याला धक्के मारून बाहेर काढतं आणि आपण त्याच्या जागी बसतं. मग माती मोकळी होते. बाहेर पडलेलं खारं पाणी तेवढं सोडून द्यायचं."

"कुठे सोडून द्यायचं?"

दत्तात्रेयने उघाडीकडे बोट केलं. त्याचं शेत जरा उंचावर होतं. बांधाला तोंड पाडलं की पाणी बाळाच्या शेतातून वाहत उघाडीपर्यंत जाणार, हे दोघांनाही लहानपणापासून माहीत होतं.

"तुज्या घरातलं कुत्रं हाकललंस," बाळा म्हणाला, "तर ते माज्या दारात येणार. माझी लावणी होऊन चार दिवस झाले नायत, दादा. वादळानंतर पहिल्यांदा हिरवं दिसतंय."

बाळाने त्या वर्षी खाऱ्या जमिनीत तग धरणारं भात लावलं होतं. रोपं बोटभर होती, पण उभी होती. संध्याकाळी त्याची बायको कमळा बांधावर येऊन नुसती ती बघत उभी राहायची.

"मग बांधाच्या कडेने चर काढू," दत्तात्रेय म्हणाला. "थेट उघाडीपर्यंत."

"काढ की. तुज्या बाजूने."

"माझ्याच बाजूने का? बांध दोघांचा आहे."

"गरज कोणाची हाय?"

चराला लागणार होती हात दोन हात रुंदीची पट्टी. ती कुणी सोडली नाही. बाळा म्हणाला, "रोपांना मूळ धरू दे. मंग सोड पाणी." दत्तात्रेय हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. त्याने मला उपटलं आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस कोसळत होता. दत्तात्रेयचं शेत काठोकाठ भरलं. बांध कुठूनही फुटला असता आणि जिप्समसकट सगळं वाहून गेलं असतं. खाडीला ओहोटी होती, उघाडी उघडलेली होती. दत्तात्रेयने मला उचललं आणि बाळाला हाक न मारता बांधाला तोंड पाडलं. काळपट, फेसाळ पाणी त्या तोंडातून बाळाच्या रोपांवर पडलं. कोवळी रोपं आडवी झाली आणि त्या पाण्याखाली दिसेनाशी झाली.

बाळा पावसातून धावत आला. रिकाम्या हाताने आला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. त्याला पाहताच दत्तात्रेयने रीत पाळली. त्याने मला चिखलात रोवलं आणि तो मागे सरला.

"बाळ्या, ऐक," तो म्हणाला.

बाळाने ऐकलं नाही. त्याने आपल्या शेताकडे पाहिलं आणि मला उपटलं.

माझ्या पाठीने तो घाव बसला, त्याच पाठीने, जिने जिप्समचे दगड फोडले होते. एकच बसला. दत्तात्रेय बांधाच्या तोंडात पडला आणि त्याच्या अंगाने पाणी अडलं. ते मागे तुंबलं, मग तांबडं होऊन त्याच्या दोन्ही बाजूंनी बाळाच्या शेतात वाहू लागलं. बाळाने मला फेकून दिलं. तो गुडघ्यांवर बसला, दत्तात्रेयचं डोकं मांडीवर घेतलं, आणि भगदाडात उभा होता तेव्हाच्याच आवाजात ओरडत राहिला, "दादा, ऊठ. उघाडी बंद करायची हाय. दादा, भरती येईल."

दत्तात्रेय वाचला नाही. रत्नागिरीच्या इस्पितळात सानिका आली तेव्हा काय झालं ते मला ठाऊक नाही. मी चिखलात पडलो होतो. भरती आली, उघाडी उघडीच राहिली होती, आणि खाडीने दोन्ही शेतं पुन्हा बुडवली.

त्यानंतर मला कागदात गुंडाळून दांड्यावर लाखेची मोहोर लावली आणि पोलीस ठाण्यातल्या एका खोलीत ठेवलं. तिथे माझ्या शेजारी एक कोयता होता, सायकलची एक साखळी होती, पोळपाटावरचं एक साधं लाटणं होतं. आम्ही कुणीच एकमेकांना काही विचारलं नाही. अंगावरचा चिखल वाळून त्याच्याखाली गंज चढला. गंज म्हणजेही मारच. त्याला आवाज नसतो इतकंच. दांड्याला वाळवी लागली. मी कापण्यासाठी घडवलेला, आणि काही न कापता अंधारात पडून होतो.

एकदा मला न्यायालयात नेलं. वकिलाने मला वर धरून दाखवलं. बाळाला विचारलं तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "फावडा दादाने रोवला होता. उपटला मी." त्याला सक्तमजुरी झाली.

अशा वस्तू मोडीत काढतात. पण सानिकाने मी परत मिळावा म्हणून अर्ज केला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"हा फावडा तुम्हाला कशासाठी हवा आहे?"

"वडिलांचा आहे," ती म्हणाली. "शेतात काम आहे."

ती मला घरी घेऊन आली. विहिरीजवळ बसून तिने मला वाळूने आणि नारळाच्या केसाळ सोडणाने घासलं. पात्याची पाठ तिने कितीतरी वेळ घासली, डाग गेल्यावरही. तिच्या बोटांची सालं निघाली. मग खोबरेल लावून, नवा दांडा बसवून ती मला खांद्यावर घेऊन निघाली. मोहोरेचा डाग असलेला जुन्या दांड्याचा वरचा तुकडा मात्र तिने मुठीच्या जागी तसाच जोडून घेतला.

खार ओळखू येत नव्हता. दोन्ही शेतांवर पांढरा पापुद्रा होता आणि त्याखाली दगडासारखी माती. बांधावर कमळा गवत कापत होती. सानिकाच्या खांद्यावर मी दिसलो तशी ती उभी राहिली. विळ्यावरची तिची मूठ आवळली गेली.

"मारायला आलीस गो?"

सानिकाने उत्तर दिलं नाही. दोघींच्या मध्ये बांधावर जिथे चिखल होता तिथे तिने मला रोवलं आणि ती मागे सरली.

"तेव्वापण रोवलेलाच होता," कमळा म्हणाली.

"हो. म्हणून परत रोवला."

कमळाने विळा माझ्या शेजारी रोवला.

"बोल."

"या बांधाच्या मधून चर काढायचा, थेट उघाडीपर्यंत. हातभर पट्टी आमच्यातली, हातभर तुमच्यातली. मग दोन्ही शेतांत जिप्सम घालू. माझं खारं पाणी तुमच्यात येणार नाही, तुमचं माझ्यात नाही."

"एवढंच होतं ना ते?" कमळा म्हणाली. "हातभर."

"एवढंच होतं."

"तुज्या बाबांनी त्या दिवशी एक हाक मारली असती तर."

"मारायला हवी होती," सानिका म्हणाली. "काकी, मी काकाला माफ केलेलं नाही. चर काढला म्हणून तसं समजू नका."

"मी मागायला आले नाय. पण पोटाला भात पाहिजे. तुलापण, मलापण." कमळाने माझ्याकडे बोट केलं. "उपट तो. कर सुरुवात."

"तुम्ही उपटा."

कमळा एक पाऊल मागे सरली. "तो रोवणाऱ्याने उपटायचा असतो."

"मी रोवलाय, आणि मीच सांगतेय. उपटा, काकी."

कमळाने हात पदराला पुसले. तिने माझा दांडा दोन्ही हातांनी धरला. चिखलाने मला धरून ठेवलं होतं. तिने सगळं बळ लावलं तेव्हा मी सुटलो. तिने मला डोक्यावर उचललं. सानिका तिच्यासमोर उभी होती, हलली नाही. मग कमळाने मला बांधात हाणलं, असं हाणलं की माझ्या अंगातून ऐरणीवरच्यासारखी झिणझिणी गेली, आणि चराचं पहिलं ढेकूळ निघालं.

त्या पावसाळ्यात ओहोटीच्या वेळी काळपट पाणी चरातून सरळ खाडीत गेलं. शेतात आता माझं पातं अर्ध्यावर उतरतं. पूर्ण उतरायला अजून वर्षं लागतील. माती माणसांइतकीच सावकाश मोकळी होते.

मित्रांनो, काम झालं की मला धुवा, पुसा, तेलाचं बोट लावा, पावसात टाकू नका. मी तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेन. भांडण आलं तर मला आधी चिखलात रोवा. आणि दुसऱ्याने रोवलेला मी तुम्हाला कधी दिसलो, तर त्याने सांगेपर्यंत मला हात लावू नका.